तुझं ते जहाज, श्रीकांत

श्रीकांत,

तुझ्या शोकसभेत तुझं इतकं कौतुक झालं, की मी चुकीच्या हॉलमध्ये तर आले नाही ना, असं मला दोनदा वाटलं. मनमिळाऊ म्हणे. सगळ्यांना धरून चालणारा म्हणे. मंडळाच्या गणपतीत आरती सुरू झाली की पार्किंग लॉटमध्ये गाडीत जाऊन झोपणारा तू, त्या दिवशी मंडळाचा आधारस्तंभ झालास. पाटणकर काकांनी बोलता बोलता डोळे पुसले. हेच पाटणकर काका दर दिवाळीला चारचौघांत तुला विचारायचे, "काय मग कोलंबस, लागलं का काही गळाला?" आणि आपल्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायचे. जिवंतपणी या माणसांना तू सांगितलेलं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकवत नव्हतं. आता त्यांना तू कळला होतास.

मी कौतुक करायला बसलेली नाही. मी तुझ्याशी संसार केलाय. तू मला पुरता माहीत आहेस.

न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुझी नोकरी गेली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संध्याकाळची शिफ्ट करून घर चालवत होते. तू रेझ्युमे प्रिंट करायला म्हणून आपल्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत जायचास. तिथं खालच्या हॉलमध्ये एक दिवस कुणीतरी बुडालेल्या जहाजांच्या स्लाइड्स दाखवत होतं. रेझ्युमे काखेत मारून तू तिथंच बसलास. घरी आलास तो डोळे लकाकत.

"नीला, लेक मिशिगनच्या तळाशी लाकडी जहाजं आहेत. अख्खीच्या अख्खी! गोडं पाणी आणि बर्फासारखं थंड. समुद्रात लाकूड खाणारा जो किडा असतो ना, तो इथं जगतच नाही."

मी विचारलं, "त्या डाउनटाउनच्या कंपनीचा फोन आला का?"

फोन आला नव्हता. पण त्या दिवसापासून आपल्या घरात हॅना मेरिल राहायला आली. तीन डोलकाठ्यांचं, शिडांचं मालवाहू जहाज. आपल्या पणजोबांच्या काळात शिकागोहून गहू भरून निघालं आणि नोव्हेंबरच्या वादळात सात माणसांसकट गडप झालं. ना फळी सापडली, ना माणूस. सवत आणायचीच होती तर जरा हिंडती-फिरती तरी आणायचीस, असं मी तेव्हा म्हणाले होते. तू हसलास. तुला वाटलं, मी गंमत करतेय.

मग तो क्लब. क्लब कसला, इनमिन तीन माणसं. विमा विकून रिटायर झालेला आणि अजूनही प्रत्येक वाक्यात काहीतरी विकणारा डेनिस, कारण बोट त्याची. पाणबुड्या रॉय, जो दिवसाला जेमतेम दहा शब्द बोलायचा. आणि तू. तुला पोहता येत नव्हतं. बोट जागची हलली की तुला उलटी व्हायची. तरी उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार तू त्या सरोवरावर काढलास. बोटीमागे केबलला बांधून एक यंत्र ओढायचं, ते आवाज सोडून तळाचं चित्र काढतं, त्याला सोनार म्हणतात, हे सगळं तू मला जेवताना समजावून सांगितलंस. नाशिकला फोनवर तुझ्या आईंना मी एवढंच सांगितलं, की श्रीकांत शनिवारी सोनारच्या मागे असतो. त्यांनी सगळ्या नात्यात सांगितलं, की मुलगा अमेरिकेत दर शनिवारी सोनाराकडे जातो. तुझ्या बहिणीने पुढच्या फोनवर आडून आडून विचारलंही, माझ्या बांगड्या किती झाल्या म्हणून.

एकदाच आले मी तुझ्या बोटीवर, ईशाला घेऊन. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. विस्कॉन्सिनच्या एका चिमुकल्या बंदरातून आपण निघालो. बोट सरळ जाणार, वळणार, परत येणार, पुन्हा जाणार. शेतात नांगर फिरवावा तसं. तू डोक्यावरून टॉवेल घेऊन स्क्रीनला डोळे लावून बसला होतास, सर्दीचा पेशंट वाफ घेतो तसा. मधेच उठून बादलीत उलटी करायचास, की परत टॉवेलखाली. मग ईशाची पाळी. बादली एकच. दिवसभरात आपल्याला वाळू दिसली. मग आणखी वाळू दिसली. दुपारी एक फ्रिज दिसला, त्यावरही डेनिस खूश झाला.

"हे असंच असतं?" मी विचारलं.

"असंच."

संध्याकाळी बंदरावर तळलेला मासा खाताना, उन्हाने सोललेल्या नाकाने तू मला म्हणालास, "आज एक फार चांगलं झालं. एवढ्या भागात ते नाही, हे नक्की झालं."

इतकं फालतू यश आनंदाने मिरवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि आपला तो वाद! गाडीत, किचनमध्ये, अंथरुणात.

"सापडलं तर काय करणार?"

"बघणार."

"आणि मग?"

"मग काय? बघणार."

वर काढायचं नाही, विकायचं नाही, आत जायचं नाही, जाता येतही नाही. मग शोधायचं कशाला, याचं धड उत्तर तू मला कधीही दिलं नाहीस. माझ्या मते तुझ्याकडे ते नव्हतंच. तू निघून गेलास म्हणून वाद तू जिंकलास, असं समजू नकोस.

एक मात्र आहे, आणि तेही नाइलाजाने लिहिते. त्या वर्षी नोकरी गेलेले नवरे मी आपल्याच सबडिव्हिजनमध्ये, आजूबाजूच्या घरांत, पाहिले. बेसमेंटमध्ये दार लावून बसलेले. बायकोच्या पगारावर टोमणे मारणारे. पोरांवर खेकसणारे. तू शनिवारी भाजलेलं नाक घेऊन यायचास, चार भाकऱ्या खायचास आणि सोमवारी माझा शिफ्टचा डबा भरून द्यायचास. पुढे नोकरी लागली ती आधीपेक्षा कमी पगाराची आणि तुझ्याहून दहा वर्षांनी लहान मॅनेजरच्या हाताखाली. तरी घरात तुझं तोंड वाकडं झालं नाही. याचं श्रेय तळाशी पडलेल्या एका लाकडी सांगाड्याला द्यावं लागतं. मला त्याचा अजून राग येतो. ते मला जमायला हवं होतं, जहाजाला नव्हे.

मागच्या सप्टेंबरात तू गॅरेजच्या दारातून आत आलास. मी थालीपीठ लावत होते.

"सापडलं," तू म्हणालास.

"काय?"

"हॅना मेरिल."

"बूट काढ," मी म्हटलं. ओल्या वाळूने लडबडलेले बूट होते आणि मी नुकतीच फरशी पुसली होती. तू पायरीवर बसलास, एक बूट काढलास, आणि दुसऱ्याची नाडी हातात धरून रडायला लागलास. ईशा वरून धावत आली. "डॅड, आर यू हर्ट?" तू मान हलवून नाही म्हणत होतास आणि रडत होतास. मी तव्यावरचं थालीपीठ करपू दिलं. एवढं मी तुझ्या जहाजासाठी केलं.

महिन्याभराने रॉयने खाली जाऊन व्हिडिओ काढला. आपण तिघांनी तो टीव्हीवर पाहिला. डोलकाठ्या उभ्या. पुढच्या बाजूला घंटा, शिंपल्यांनी मढलेली. मग कॅमेरा स्वयंपाकाच्या खोलीच्या खिडकीशी गेला, आणि आत भिंतीतल्या फळीवर ताटल्या होत्या, एकावर एक, जशा घासून ठेवल्या तशा. तू श्वास रोखून बसला होतास. मी म्हटलं, "वादळात मरायच्या आधी भांडी घासून ठेवली त्यांनी. तुझ्यापेक्षा बरे." तू हसलास. मीही हसले. पण मला त्या रात्री नीट झोप लागली नाही, हे तुला सांगायचं राहून गेलं.

पुढच्या रविवारी डेनिस घरी आला. मी आलं घालून चहा केला. त्याला घंटा काढायची होती. राज्याच्या पुरातत्त्व खात्यात जहाजाची नोंद झाली की हात लावता येणार नाही, तेव्हा त्याआधीच काढू, रॉय काढेल, शहरात एका मोठ्या रेस्टॉरंटचा मालक त्याच्या ओळखीचा आहे, काचेच्या कपाटात ठेवू, लोक बघतील, क्लबचं नाव होईल. तुझा आवाज मी एवढा वर चढलेला कधी ऐकला नव्हता. ईशाच्या नापास झालेल्या गणितालाही नाही, माझ्या माहेरच्यांनाही नाही.

"नाही," तू म्हणालास. "सात माणसं गेलीत तिथं. कुणाच्या घरी माणसं गेली, तर तू दाराची घंटा उपटून नेतोस का?"

डेनिस म्हणाला, "श्री, ते घर नाही. बुडालेली बोट आहे."

"घंटा काढलीस, तर मी स्वतः खात्याला फोन करीन."

डेनिस उठला. चहा अर्धा तसाच. आल्याचा चहा टाकून जाणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तिथंच झालं. त्यानंतर अख्खा हिवाळा त्याचा तुला फोन नाही. तू मात्र दर शनिवारी सकाळी फोनकडे बघायचास. मला ते बघवत नव्हतं. असल्या माणसासाठी!

फेब्रुवारीत तू बर्फ काढायला बाहेर गेलास. मी म्हटलं होतं, वितळेल, राहू दे. तू कधी ऐकलंस? अर्धा ड्राइव्ह-वे साफ झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं येऊ लागणार म्हणून उरलेला अर्धा मी काढला. याच्यावर मला याहून जास्त लिहायचं नाही.

मग ट्रे आले. पुलावाचे, छोल्यांचे, कुणाच्या तरी घरचा ओव्हनमध्ये तापवायचा पास्ता. बायका फ्रिज उघडून जागा करायच्या आणि माझ्या फ्रिजकडे बघून घ्यायच्या. "तो इथंच आहे गं, आपल्यात." कुठे? "देव चांगल्या माणसांना लवकर नेतो." म्हणजे पाटणकर काकांना शंभरी गाठायला हरकत नाही. एकजण म्हणाली, "निदान छंद तरी पूर्ण झाला." त्या वेळी माझ्या हातात उलथनं होतं, आणि मी ते शांतपणे ओट्यावर ठेवलं, याची कुणीही दखल घेतली नाही.

एप्रिलमध्ये डेनिसने लायब्ररीच्या त्याच हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. हॅना मेरिल सापडल्याची घोषणा. मला पहिल्या रांगेत बसवलं. ईशा शेजारी. मंडळाची माणसं झाडून आली होती. तू गेल्यावर सगळ्यांना एकदम जहाजांची आवड निर्माण झाली होती. डेनिसने पडद्यावर तुझा फोटो लावला, गॉगल घातलेला, उलटी व्हायच्या जरा आधीचा असावा. तुझं नाव त्याने तीन वेळा घेतलं, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी. मग आवाज खाली आणून म्हणाला, की या उन्हाळ्यात क्लब जहाजाची घंटा वर काढणार आहे. तिच्याखाली पितळी पाटी बसवणार, त्यावर तुझं नाव. "कारण," तो म्हणाला, "ही श्रीची अखेरची इच्छा होती."

टाळ्या. मंडळाच्या सगळ्यांत जास्त.

मेलेल्या माणसाच्या तोंडात वाटेल ते घालता येतं, हे मला त्या क्षणी कळलं. तू तर जिवंतपणीही फारसं बोलायचा नाहीस, त्यामुळे जागा भरपूर. मी उभी राहिले.

"डेनिस, त्याची अखेरची इच्छा मेथीची भाजी होती," मी म्हटलं. "सकाळी मला म्हणाला होता, संध्याकाळी मेथी कर. मेथी म्हणजे काय, ते तुला नंतर सांगते. घंटेबद्दल तो तुला माझ्या टेबलावर काय म्हणाला, ते आत्ता सांग."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. डेनिस माझ्याकडे बघून तसं हसला, जसं लोक लहान मुलांकडे आणि विधवांकडे बघून हसतात. "नीला, आम्ही सगळे समजू शकतो. दुःखात माणसाच्या आठवणी जरा..."

"मी दुःखात आहे. बहिरी नाही. तो नाही म्हणाला. खात्याला फोन करीन म्हणाला. आणि तू चहा टाकून गेलास."

"तसं नव्हतं ते..."

"तसंच होतं," मागून आवाज आला. रॉय. भिंतीला टेकून उभा होता. "बोटीवरही म्हणाला होता. माझ्यासमोर. आणि मी ती घंटा काढणार नाही, डेनिस. हेही सगळ्यांसमोर सांगतो."

रॉयचे महिनाभराचे शब्द त्यात संपले असतील. डेनिस पुढची स्लाइड शोधत राहिला.

पार्किंग लॉटमध्ये पाटणकर काकांनी मला गाठलं. "नीला, चारचौघांत असं करायला नको होतंस गं. पितळेवर नाव राहिलं असतं पोराचं. आपल्या माणसाचं. केवढी मोठी गोष्ट आहे ती, या देशात."

"काका," मी म्हटलं, "ज्याला तो नाही म्हणाला होता, त्यावर त्याचंच नाव घालायचं?"

"अगं पण आता त्याला कुठे कळतंय?"

मी गाडीचं दार उघडून आत बसले. वयाचा मान ठेवला, असं काकांना वाटलं असेल. खरं तर माझ्याकडे जे शब्द होते, ते ईशासमोर उच्चारण्यासारखे नव्हते.

गाडीत ईशा खिडकीबाहेर बघत होती. "मॉम, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग," ती म्हणाली. रूट एकोणसाठचा सिग्नल लागला तेव्हा पुन्हा बोलली. "डॅड वुड हॅव हिडन अंडर द चेअर." मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की हिरवा दिवा लागलेला कळला नाही आणि मागच्याने हॉर्न मारला. तू गेल्यावर ती पहिल्यांदा हसली होती.

दुसऱ्या दिवशी रॉयकडून जहाजाच्या जागेचे अक्षांश-रेखांश घेऊन मी राज्याच्या खात्यात फोन केला. एक बाई बोलली, नीट बोलली. आता नोंद झाली आहे, घंटेला हात लावणं गुन्हा आहे, क्लब मोडला आहे, आणि डेनिस माझ्याबद्दल गावभर काय बोलतो ते मला पोचतं. बोलू दे. आणि तुझा गैरसमज नको म्हणून सांगते, मी हे त्या जहाजासाठी केलं नाही. जहाज माझं कुणी लागत नाही. खोटं बोललं गेलं होतं, आणि ते खोडून काढायला तू येणार नव्हतास.

हे सगळं मी रविवारी तुझ्या आईंना फोनवर सांगितलं. त्यांना आता ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून सांगितलं. सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"नीला," त्या म्हणाल्या, "त्या सात जणांच्या घरी कळवलं का गं?"

"आई, शंभर वर्षं होऊन गेली त्याला."

"म्हणून काय झालं? माणूस सापडला तर घरी सांगायला नको?"

मुलाचा देह सातासमुद्रापलीकडे गेला आणि त्यांना ते फोनवरून कळलं. त्यांना सुचलं ते तुमच्यापैकी एकाला, एवढ्या उन्हाळ्यांत, एकदाही सुचलं नाही. डेनिसला सुचणार नव्हतंच. पण श्रीकांत, तुलाही सुचलं नाही. मोठा आलास, त्यांचं घर आहे म्हणून भांडणारा. घर म्हणालास, आणि घरच्यांना विचारलं नाहीस.

मग ईशा बसली इंटरनेटवर. रॉयने जहाजावरच्या माणसांची गावं सांगितली. उत्तरेकडच्या एका गावातल्या चर्चच्या ऑफिसात मी फोन केला, त्यांनी चौकशी करून एक नंबर दिला. जहाजावरच्या दुय्यम कप्तानाची नात. नव्वदीला टेकलेली, एकटी राहणारी. मागच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तिला फोन लावला. माझा इंग्रजी उच्चार ऐकून तिला आधी वाटलं, मी काहीतरी विकतेय. दोनदा नाव सांगावं लागलं. हॅना मेरिल. हॅना मेरिल सापडली आहे.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुठे?" तिने विचारलं.

मी सांगितलं, किनाऱ्यावरच्या कुठल्या गावासमोर ते.

"म्हणजे घराच्या इतक्या जवळ आले होते," ती म्हणाली. मग म्हणाली, की आजोबा गेले तेव्हा तिचे वडील आजीच्या पोटात होते. आजीने कधी दगड बसवला नाही त्यांच्या नावाचा. कुणी म्हटलं की विचारायची, कुठे बसवू? म्हणून कुटुंबाच्या जागेत त्यांच्यापुरती जमीन अजून मोकळी आहे.

किनाऱ्यावरच्या गावाचं नाव तिने मला पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

"कुणी शोधलं?" तिने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने."

"त्याला जरा फोन देता का? मला त्याच्याशी बोलायचंय."

मी सांगितलं तिला. फेब्रुवारीत, बर्फ काढताना. तिने "आय अ‍ॅम सॉरी" वगैरे काही म्हटलं नाही. म्हातारी शहाणी होती. ती म्हणाली, "मग तू सांग. कसा होता तो?"

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. सुरुवात अर्थातच तुझ्या खोडींपासून केली.